गनमॅन ठेवणाऱ्या चेअरमन साहेबांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातील साखर कारखान्यांचे व पतसंस्थांचे अध्यक्ष आणि संचालक, उद्यमबागचे कारखानदार, आणि ज्यांच्या मागेपुढे चार माणसे चालतात असे सर्व मान्यवर यांस,

स. न. वि. वि.

आम्ही सीमाभागात व्यक्तिसंरक्षणाचे काम करणारी माणसे. आमच्यात निवृत्त जवान आहेत, एजन्सीचे सुपरवायझर आहेत, गाडी चालवणारेही आहेत. तक्रार एकच आहे आणि ती सरळच सांगतो: तुम्ही गनमॅन ठेवता, पण त्याला काम करू देत नाही. काळा सफारी, गॉगल, सहा फूट उंची आणि शर्टाच्या बाह्या फाटतील असे दंड दिसले की तुमच्या दृष्टीने बंदोबस्त झाला. मग तोच माणूस दिवसभर साहेबांची बॅग धरतो, दोन मोबाइल सांभाळतो, हारांची पिशवी उचलतो. दोन्ही हात गुंतलेला माणूस रक्षण कशाने करणार, याचे उत्तर आम्हाला तरी माहीत नाही.

या कामाचा मोठा भाग साहेब पोचण्याच्या आधीच उरकायचा असतो. मे महिन्यातले लग्न घ्या. एका दिवसात सात-आठ मुहूर्त गाठायचे असतात आणि कुठल्या कार्यालयात जायचे ते गनमॅनला गाडी सुटल्यावर कळते. आदल्या संध्याकाळी कळले असते तर एक माणूस मोटारसायकलवर जाऊन पाऊण तासात सगळे बघून आला असता. तो काय बघतो? कार्यालयाला रस्त्याकडून किती फाटके आहेत आणि लग्नाच्या वेळी त्यातली कुठली उघडी असतात. स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा खरोखर उघडतो की त्याच्याआड सिलिंडर आणि पातेल्यांची रास लावलेली आहे. दहापैकी सहा ठिकाणी रास असतेच. स्टेजला पायऱ्या दोन्ही बाजूंना आहेत की एकाच. वीज गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो की कुणीतरी धावत जाऊन दोरी ओढतो, म्हणजे हॉल किती वेळ अंधारात राहील. गाडी तोंड रस्त्याकडे करून कुठे उभी करता येईल. आणि तिथून केएलई किंवा जिल्हा रुग्णालय त्या वेळच्या गर्दीत किती मिनिटांवर आहे. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटावर अडकलात तर तोच रस्ता दुप्पट वेळ खातो, म्हणून दुसरा रस्ता आधीच ठरवायचा. चालकाने पंगतीला बसायचे नाही, हेही त्यातच येते. त्याने आधी जेवावे किंवा नंतर. साहेब आत आहेत तोवर चालक स्टिअरिंगवर आणि किल्ली गाडीत.

लग्नातला सगळ्यात अवघड क्षण अक्षतांचा. गनमॅनला शिकवलेले असते की चेहऱ्याकडे बघू नकोस, हाताकडे बघ. हत्यार हातातूनच येते. पण शेवटचे ‘सावधान’ झाले की सातशे हात एकदम वर जातात, तांदूळ उडतात, वाजंत्री सुरू होते, कानाला लावलेला इअरपीस निकामी होतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत कितीही तरबेज माणूस असो, त्याला काही दिसत नाही. यावर उपाय दोनच. एकतर साहेबांनी अक्षतांनंतर दहा मिनिटांनी पोचावे. यजमानाला वाईट वाटते, पण फार नाही. नाहीतर गर्दीच्या मधोमध किंवा पहिल्या रांगेत न थांबता, पाठ भिंतीला लागेल आणि बाजूचा दरवाजा सात-आठ पावलांवर असेल अशा जागी थांबावे. त्यानंतर सत्कार. शाल-श्रीफळ चालेल, फेटा बांधणे म्हणजे साहेबांना दोन-तीन मिनिटे एका जागी खिळवणे, मान वर, समोर एकजण कापड फिरवतोय, मागे कोण आहे ते साहेबांना दिसत नाही आणि पुढे काय आहे ते गनमॅनला. बांधलेला तयार फेटा डोक्यावर ठेवायला चार सेकंद लागतात. तेवढे आयोजकांना सांगा.

हारांचेही तसेच. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या जवळ हल्लेखोर पोचली ती हार घालण्याच्या निमित्ताने. तेव्हापासून जगभर हा धडा शिकवतात आणि आपल्याकडे गावच्या कमानीजवळ गाडी थांबली की पन्नासजण हार घेऊन काचेवर पडतात. पद्धत अवघड नाही. हार घालणाऱ्यांची यादी आदल्या दिवशी, एका वेळी पाच माणसे, बाकीचे हार टेबलावर एका माणसाकडे. हाराखाली दोन्ही हात दिसले पाहिजेत. ज्याचे नाव यादीत नाही तो रागावला तर साहेबांनी स्वतः त्याच्या टेबलाकडे जाऊन नमस्कार करावा; जायचे तेव्हा कुठून जायचे हे आपल्या हातात राहते.

आता पैलवानांविषयी. आपल्या भागात तालमी आहेत, जिम आहेत, पोरांना अंग आहे, तेव्हा भरती तिथूनच होते. त्यात गैर काही नाही. पण पैलवानाची सवय धरण्याची असते. कुणी अंगावर आला की तो त्याला मिठी मारतो, खाली घेतो, वर बसतो. इकडे साहेब एकटे उभे! आणि पहिला माणूस लक्ष वेधायला पाठवलेला असेल तर दुसऱ्याला रान मोकळे. आमच्या कामात हल्लेखोराला पकडणे तिसऱ्या नंबरला येते. पहिले काम ओरडणे: काय आहे आणि कुठून. “डावीकडे, सुरी!” एवढेच. दुसरे, साहेबांच्या आणि धोक्याच्या मध्ये शिरून त्यांना वाकवून तिथून हलवणे. जपानमध्ये नारा शहरात ८ जुलै २०२२ रोजी शिंझो आबे भाषण करत होते, पाठीमागचा रस्ता उघडा होता. पहिला बार चुकला. दुसरा साधारण अडीच सेकंदांनी झाला, आणि तेवढ्या वेळात एकाही रक्षकाला मध्ये पडून त्यांना खाली पाडता आले नाही. अडीच सेकंद कमी वाटतात. सराव असेल तर त्यात माणूस दोन-तीन पावले हलवता येतो.

हा सराव साहेबांनीही करायला हवा, इथेच सगळे अडते. गनमॅनचा एक हात तुमच्या मानेमागे येतो आणि डोके खाली दाबतो, दुसरा कंबरेचा पट्टा धरतो, आणि तो तुम्हाला ढकलतच गाडीकडे किंवा जवळच्या दाराकडे नेतो. हे आधी कधी केलेले नसेल तर शंभरातले नव्वद साहेब मागे वळून “काय रे, हात काय लावतोस!” म्हणतात. तो एक सेकंद गेला. वर्षातून दोनदा अर्धा तास, बंगल्याच्या आवारात, गाडीसह. पायजमा आणि चपला घालून करा, कारण प्रत्यक्षात तुम्ही त्याच घातलेल्या असणार आहात. एकच गनमॅन असेल तर तो तुमच्या मागे, उजवीकडे किंवा डावीकडे हात पोचेल एवढ्या अंतरावर चालेल. दोन असतील तर एक मागे आणि एक चार-पाच पावले पुढे. पुढचा माणूस दार उघडत नाही, तो दारापलीकडे बघतो. दार दुसऱ्या कुणाला उघडू द्या.

गाडीत साहेबांनी मागच्या सीटवर डावीकडे बसावे आणि गनमॅनने पुढे चालकाशेजारी, म्हणजे तो उतरला की थेट तुमच्या दारापाशी. व्यवहारात काय होते? पुढच्या सीटवर पुतण्या बसतो, मागे एखादा नगरसेवक, आणि गनमॅन दुसऱ्या गाडीत, जी चन्नम्मा चौकात सिग्नलला मागे राहिलेली असते. गाडी सुटताच दारे लॉक, पेट्रोल-डिझेल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचे नाही, आणि सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढे अंतर सोडायचे. तेवढ्या जागेतून मागे न घेता बाहेर निघता येते. खासगी गाडीवर दिवा आणि सायरन लावू नका. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरूनही गेला.

खरे सांगायचे तर आमच्या भागात साहेबांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका गोळीचा नाही, उसाच्या ट्रॉलीचा आहे. हंगामात संकेश्वर, चिकोडी, अथणीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेला ऊस थेट काचेच्या उंचीवर. रात्री अकराला सभा संपवून शंभरच्या वेगाने परतणारा ताफा आणि थकलेला चालक यांचे गणित कुठल्याही पिस्तुलाने सुटत नाही. गळीत सुरू असेपर्यंत रात्री साठच्या वर वेग नको, दोन गाड्यांत किमान तीन सेकंदांचे अंतर, आणि सकाळी सहाला गाडीवर बसलेला चालक रात्री नऊनंतर नको. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. गनमॅननेही लावायचा, “पट्टा लावला तर उतरायला वेळ लागतो” हे कारण आम्ही नेहमी ऐकतो, पण काचेतून बाहेर फेकला गेलेला गनमॅन त्याहून उशिरा उतरतो.

सीमा हा तर खास आपला विषय. शिनोळीला चहा प्यायला गेलो तरी राज्य बदलते. शस्त्र परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेले असते. परवाना कर्नाटकापुरता असेल आणि गनमॅन कमरेला पिस्तूल लावून कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात कागलला उतरला, किंवा चोर्ला घाटातून गोव्याच्या केरी चेकपोस्टवर सापडला, तर तो शस्त्र कायद्याखाली आरोपी होतो. दुसरी गोष्ट आम्ही सर्रास बघतो: परवाना साहेबांच्या नावावर आणि पिस्तूल गनमॅनकडे. परवान्यावर त्याचे नाव रिटेनर म्हणून, म्हणजे साहेबांच्या वतीने हत्यार बाळगणारा म्हणून, चढवलेले नसेल तर ते बेकायदा आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, म्हणजे नेमक्या सगळ्यात जास्त सभांच्या महिन्यात तुमचा गनमॅन बहुधा रिकाम्या हाताने उभा असणार. त्याची तयारी हत्यारावर बेतलेली असेल तर त्या महिन्यात तुमच्याजवळ काहीच नाही. लग्नात, वरातीत हौसेने बार काढणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

एजन्सीचा परवानाही राज्यवार असतो. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला पसारा (PSARA) म्हणतो, तो परवाना एका जिल्ह्यापुरता, पाच जिल्ह्यांपर्यंत किंवा सबंध राज्यासाठी मिळतो. बेळगाव जिल्ह्याच्या परवान्यावर कोल्हापूर किंवा पणजीत माणूस नेमता येत नाही. दर महिन्याला दोनदा गोव्याला जाणारे असाल तर तिकडे परवाना असलेल्या एजन्सीशी करार करा. परवान्याशिवाय एजन्सी चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे जे कुणी वाचत नाही: लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घातला तर रक्षक आणि एजन्सीचा मालक दोघेही गुन्हेगार. मिरवणुकीत दिसणारे ते ठिपक्याठिपक्यांचे ‘कमांडो’ कपडे याच कलमात बसतात, आणि हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गावात, जिथे खरा गणवेश रोज रस्त्यावर दिसतो!

चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटी-कणकुंबीच्या पुढे मोबाइलला रेंज धरत नाही. म्हणून जांबोटी सोडताना घरी किंवा कार्यालयात एक फोन, आणि पलीकडे उतरल्यावर दुसरा. मधली वेळ ठरलेली, ती उलटून अर्धा तास झाला तर कुणाला फोन करायचा तेही ठरलेले. जूनपासून दरडीचा भरवसा नाही, तेव्हा अनमोडचा पर्याय आधी विचारून ठेवायचा. १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिवस) आणि १७ जानेवारी (हुतात्मा दिन) या दोन तारखांना शहरात कुठला रस्ता कुठल्या वेळी बंद असेल, हे आदल्या दिवशी वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्यायचे. डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन असते तेव्हा महामार्गाच्या त्या टप्प्यावर रोजच. विचारणाऱ्या माणसाला कन्नड आले पाहिजे. मराठी, कन्नड, हिंदी या तिन्हींत गर्दीतली कुजबुज समजणारा पाच फूट सहा इंची माणूस आम्हाला यातली एकच भाषा येणाऱ्या सहाफुटीपेक्षा कामाचा वाटतो.

पाळत कशी ओळखायची यावर लोक आम्हाला विचारतात की परगावच्या नंबरची गाडी दिसली की सावध व्हायचे का. आपल्याकडे ते चालत नाही. केए-२२, केए-२३ च्या जोडीने एमएच-०९ आणि जीए दिवसभर खडेबाजारात फिरतात. बघायचे ते एवढेच की तीच गाडी किंवा तोच माणूस वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी, काही काम नसताना दिसतो का. बंगल्यासमोर एकदा दिसला, तर असेल कुणाची वाट बघत. बंगल्यासमोर, मग कारखान्याच्या गेटवर, मग दोन दिवसांनी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला गेल्यावर दिसला, तर नंबर, वेळ आणि वर्णन वहीत, आणि त्याच दिवशी पोलिसांना. यासाठी वही लागते. डोक्यात ठेवलेले नंबर तिसऱ्या दिवशी विसरले जातात, आणि पाळी बदलली की सकाळच्या माणसाने बघितलेले रात्रीच्या माणसाला कळत नाही.

सकाळच्या फिरण्यावर थोडे जास्त लिहितो, कारण तिथे साहेब सगळ्यात हट्टी असतात. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी यांना घराच्या दारात गोळी घातली. एक शहर आपल्या उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीकडे वेळ सकाळची, जागा घराची किंवा घराजवळची, वाहन मोटारसायकल. हल्ला करणाऱ्याला फक्त एकच गोष्ट हवी असते: अमुक माणूस अमुक वेळी अमुक जागी नक्की सापडतो. रेसकोर्सवर पाच पन्नासला रोज फिरणारा माणूस ती फुकट देतो. आठवड्यात तीन जागा आणि तीन वेळा बदला, शेवटचा निर्णय सकाळीच घ्या, आणि गनमॅन तुमच्याबरोबर गप्पा मारत न चालता सात-आठ पावले मागे राहू द्या. दारावरची बेल वाजली की साहेबांनी उठून दार उघडायचे नाही. आतला माणूस कॅमेऱ्यात किंवा भिंगातून बघेल, नाव आणि काम विचारेल, पाठवणाऱ्याला फोन करेल. लग्नपत्रिका घेऊन आलेला माणूसही दोन मिनिटे बाहेर थांबू शकतो. त्याला खुर्ची आणि पाणी द्या म्हणजे अपमान वाटत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत आणि ऊसदराच्या आंदोलनात मात्र गनमॅनला आवरा. तिथे समोर शत्रू नसतात, सभासद असतात. ठेवी अडकलेल्या पतसंस्थेच्या सभेत येते ती शाई, चप्पल आणि खुर्ची. स्टेज आणि पहिली रांग यांत किमान तीन मीटर मोकळे सोडा, पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्या एकमेकींना बांधून टाका, माइक एकच आणि तोही दोरीच्या मर्यादेत, पाण्याच्या काचेच्या बाटल्या नकोत. गेटवर जमाव असेल तर गाडी त्यातून घालायची नाही. पाचजणांना आत बोलवा आणि तुम्ही स्वतः बोला. गनमॅनने एका शेतकऱ्याची कॉलर धरली की तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्हाभर पोचतो आणि दुसऱ्या दिवशी गेटवर पाच हजार माणसे येतात. शिवाय त्याला पोलिसाचे कुठलेही अधिकार नाहीत. डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा झाला तर कुणाही नागरिकासारखे तो धरू शकतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. झडती घेणे, मोबाइल हिसकावणे, खोलीत कोंडणे यातले काहीही त्याला करता येत नाही.

प्रथमोपचार येत नसेल तो माणूस ठेवू नका. तुमच्यापैकी बहुतेकांचे वय साठीच्या पुढे आहे, मधुमेह आहे, दोघा-तिघांना स्टेंट आहेत. छाती दाबणे मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटरवर टूर्निके (रक्त थांबवायचा घट्ट पट्टा), सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ त्यावर लिहायची. गाडीत ही पेटी पुढच्या सीटखाली हवी. डिकीत नारळांच्या पोत्याखाली नको.

आणि माणसे किती? चोवीस तास एक माणूस उभा हवा असेल तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात. एकजण सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसे. रजा-आजारपण धरून चार. दोघांची जागा असेल तर आठ. तुम्ही एकाच माणसाला सकाळी सहा ते रात्री बारा ठेवता आणि दुपारी तीनला तो गाडीत डुलक्या घेतो म्हणून रागावता. पसारा कायद्याच्या नमुना नियमांप्रमाणे रक्षकाला शंभर तासांचे वर्ग आणि साठ तासांचे मैदानी प्रशिक्षण, किमान वीस कामाच्या दिवसांत, झालेले असावे लागते. माजी सैनिक आणि पोलिसांना चाळीस आणि सोळा तास. प्रमाणपत्र मागा. पोलीस पडताळणीचा कागद मागा. हे प्रशिक्षण गेटवरच्या रक्षकासाठीचे आहे, व्यक्तिसंरक्षण त्याच्या वर शिकावे लागते, तेव्हा ते कुठे शिकला तेही विचारा. घरातल्या बायका-मुलींसाठी बाई रक्षक हवी. देवळाच्या रांगेत आणि हळदीकुंकवाला पुरुष गनमॅन दारातच अडतो.

शेवटी तुमचे कार्यकर्ते. “साहेब निघाले”, “साहेब पोचताहेत” असे फोटोसकट स्टेटस ठेवणारे दहाजण ताफ्यात असतील तर पाळतीला माणूस लागतच नाही. चौकातल्या फ्लेक्सवर आगमनाची वेळ छापू नका, तारीख पुरे. फोटो कार्यक्रम संपल्यावर टाका.

रोज रात्री आठपर्यंत उद्याचा कागद गनमॅनच्या हातात पडावा, एवढी आमची मागणी आहे. त्यावर ठिकाण, वेळ, गेट, तिथल्या माणसाचे नाव आणि नंबर, साहेबांबरोबर कोण कोण, आणि कुठला कार्यक्रम ऐनवेळी गळू शकतो ते. एक प्रत चालकाला. कागदच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. तो फॉरवर्ड होतो.

आपले,
सीमाभागात संरक्षणाचे काम करणारे